परराज्यस्थ शिकाऱ्यांवरील पट्टी : अमेरिकेंतील कांहीं निवाडे

शिकारीच्या व मासेमारीच्या परवान्यासाठीं रहिवाशाकडून थोडी आणि परराज्यस्थाकडून जबर पट्टी घ्यावयाची, हा रिवाज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटक-राज्यांत जुना आहे. ज्या तत्त्वावर तो उभारला गेला तें तत्त्व पुढें कोसळलें. रिवाज मात्र उभाच राहिला. हें कसें घडलें तें आम्हांस येथें थोडक्यांत दाखवावयाचें आहे.

न्यू जर्सीनें १८२० सालीं परस्थांस आपल्या पाण्यांत कालवें काढण्याची मनाई केली. तीवरून उद्भवलेल्या खटल्यांत १८२३ सालीं न्यायाधीश बुशरॉड वॉशिंग्टन (हे पहिल्या अध्यक्षांचे पुतणे) यांनीं ठरविलें कीं, हीं कालवें त्या राज्यांतील नागरिकांची सामाईक मालमत्ता असून परक्यास तींत वांटा नाहीं. व्हर्जिनियांत कालवें लावणाऱ्या एका मेरीलंडवासीयास झालेला ५०० डॉलरांचा दंड १८७७ त सर्वोच्च न्यायालयानें कायम केला. १८९६ च्या गीअर खटल्यांत तर न्यायाधीश व्हाइट यांनीं रोमन कायद्यापासून परंपरा जुळवून, वन्य पशुपक्ष्यांवर प्रजेच्या वतीनें राज्याची मालकी आहे, असें प्रतिपादिलें.

या मालकीस पहिला मोठा धक्का १९४८ त बसला. साउथ कॅरोलिना कोळंबी धरणाऱ्या दर गलबतामागें रहिवाशाकडून २५ डॉलर व परस्थाकडून २५०० डॉलर घेई. शंभरपट! मुख्य न्यायाधीश व्हिन्सन यांनीं ही पट्टी रद्द केली व राज्याची मालकी ही केवळ एक सोईची कल्पना ठरविली.

यानंतरचा १९७८ चा माँटानाचा निवाडा आमच्या मतें सर्वांत मननीय आहे. १९७६ च्या हंगामांत एल्क नामक मोठ्या हरणाच्या शिकारीस रहिवासी ९ डॉलर देई, परस्थ २२५. वरवर पाहतां हें पंचवीसपट होतें. परंतु परस्थाच्या परवान्यांत लहान हरीण, काळें अस्वल, पक्षी व गळानें मासे धरणें हींही त्याच्या माथीं मारलेलीं असत. तेव्हां ही तुलना सरळ नव्हे. न्यायाधीश ब्लॅकमन यांनीं सहा विरुद्ध तीन मतांनीं पट्टी वैध ठरविली. कोळंबी धरणें हा पोटाचा धंदा, एल्कची शिकार ही करमणूक. तिच्यावांचून राष्ट्रैक्यास बाध येत नाहीं, हें त्यांचें मर्म. पण त्याच निवाड्यांत नमूद आहे कीं, मारले जाणारे सुमारें ७५ टक्के एल्क संघराज्याच्या जमिनीवर पडतात! जमीन सर्वांची आणि वरचढ दाम मात्र परक्याचा. भेद करणारानेंच त्याचें सबळ कारण दाखविलें पाहिजे, हें न्यायाधीश ब्रेनन यांचें भिन्न मत आम्हांस अधिक न्याय्य वाटतें.

आपल्या दप्तरांशीं परिचित वाचकांस येथें मिरासदार व उपरी हा भेद आठवेल. पण आपल्याकडे पडीक जमीन लागवडीस यावी म्हणून उपऱ्याचा धारा बहुधा मिरासदाराहून हलका असे. पाहुणा हवा असला म्हणजे पट्टी उतरते. माँटानास शिकाऱ्यांची वाण नव्हती.

पुढच्याच वर्षीं, १९७९ त, ओक्लाहोमांतील बारीक माशांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें गीअर निवाडा स्पष्टपणें उलथविला. २००२ त एका वरिष्ठ संघीय न्यायालयानें ॲरिझोनाच्या परस्थांवरील दहा टक्क्यांच्या मर्यादेविषयीं शंका घेतली, तेव्हां २००५ त काँग्रेसनें कायदा करून, शिकार व मासेमारी यांत रहिवासी व परस्थ असा भेद करण्याची राज्यांस मोकळीक दिली.