राखीव जागा, उमेदवार आणि पाठीराखे : १९३७ ची निवडणूक व राजूर परिसर

राखीव मतदारसंघामुळे उमेदवार कोणत्या समाजातील असावा हे निश्चित होते. तो कोणाशी बांधील राहील हे निश्चित होत नाही. हा भेद मुंबई प्रांतात १९३७ च्या निवडणुकीत ठळकपणे पुढे आला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर या आदिवासीबहुल परिसराचा राजकीय इतिहास अभ्यासताना त्या निवडणुकीकडे वळणे अगत्याचे ठरते.

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ मागे पडले आणि संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. अंतिम निवड सर्व मतदार करणार होते. मात्र त्याआधी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक फेरीत चार उमेदवार निवडावेत, अशी तरतूद करारात होती. आपला प्रतिनिधी कोण असावा याविषयी त्या समाजाचे मत नोंदविण्याची ही जागा होती. १९३५ च्या कायद्यान्वये मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी राखल्या गेल्या. 'मागास प्रदेश व जमाती' यांच्या वाट्याला संपूर्ण प्रांतात एकच जागा आली. प्रौढ मताधिकार नव्हता. शेतसारा, शिक्षण इत्यादी अटी होत्या. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती अशा डोंगरी कुळाला या व्यवस्थेत स्थान मिळणे कठीणच होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पक्षाने उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी १४ निवडून आले. अहमदनगर जिल्ह्यातून पी. जे. रोहम यांना यश मिळाले. विजयी उमेदवारांत अनंतराव चित्रे व शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण समाजातील कार्यकर्तेही होते. उमेदवारीची कसोटी जात नसून कार्यक्रम आहे, हे पक्षाने कृतीने दाखविले. मुंबईतील राखीव जागेवर काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध पी. बाळू यांना उभे केले होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात गाजलेले हे गोलंदाज स्वतः अस्पृश्य समाजातून आलेले व सर्वत्र आदरास पात्र ठरलेले होते. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. जन्माच्या कसोटीवर दोघेही पात्र होते. प्रश्न पाठीराख्यांचा होता.

या निकालात मतदानपद्धतीचाही वाटा होता. बहुसदस्य मतदारसंघात मतदाराला जागांइतकी मते असत आणि ती सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. संख्येने अल्प परंतु संघटित असलेल्या मतदारांना त्यामुळे आपला माणूस निवडून आणणे शक्य झाले. निवडणुकीनंतरचे वर्तन तर अधिक बोलके आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक संमत झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. परुळेकर पुढे किसान सभेत गेले आणि १९४५ च्या सुमारास ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या लढ्यात उभे राहिले. सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्याशी १९३७ च्या राजकारणाचा एक धागा असा जुळतो.

याच पट्ट्यात राजूर येते. देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकारशाही व इंग्रजी सत्ता यांविरुद्ध बंड केले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांनी खालच्या ऊसपट्ट्याकडे गेले. (डोंगराने पाणी द्यावे आणि मैदानाने साखर करावी, ही विभागणी पुढेही टिकली.) स्वतंत्र भारताच्या संविधानाने प्रौढ मताधिकार व अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा दिल्या. परंतु पुणे करारातील प्राथमिक फेरी संविधानात आली नाही, आणि एकत्रित मतांची पद्धतीही राहिली नाही. उमेदवार निवडण्याचे काम त्यामुळे व्यवहारात पक्षांच्या हाती गेले.

अकोले हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. राजूरचे मधुकर पिचड १९८० पासून सलग सात वेळा येथून विजयी झाले. आदिवासी विकास खाते त्यांच्याकडे असतानाच्या काळात, सुकथनकर समितीच्या शिफारशीनुसार, लोकसंख्येच्या प्रमाणात म्हणजे सुमारे ९ टक्के योजनानिधी आदिवासी उपयोजनेस देण्याचे सूत्र आले. राखीव जागेने काय साधता येते याचे हे ठोस उदाहरण मानावे लागेल. तथापि दीर्घकाळ एकाच घराकडे राहिलेली उमेदवारी मतदारांची निवड आपोआप संकुचित करते. २०१४ मध्ये त्यांचे पुत्र वैभव पिचड निवडून आले. २०१९ मध्ये पक्षांतरानंतर ते भाजपच्या वतीने उभे राहिले, तेव्हा मतदारांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे डॉ. किरण लहामटे यांना विजयी केले आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडले. १९३७ च्या मुंबईप्रमाणेच येथेही उमेदवारांची जमात हा वादाचा मुद्दा उरला नव्हता.

अमेरिकेतील १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात १९८२ साली दुरुस्ती झाली. तिने वंशाऐवजी 'आपल्या पसंतीचे प्रतिनिधी' निवडण्याच्या संधीला महत्त्व दिले. अकोले तालुक्यात ही पसंती विधानसभेबाहेरच अधिक व्यक्त झाली आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील सरपंचपदे आदिवासींसाठी राखली आणि ग्रामसभेला अधिकार दिले. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा नाशिक-मुंबई मोर्चा वनहक्कांच्या मागणीसाठी निघाला. २६ एप्रिल २०२३ रोजी किसान सभेचा दुसरा मोर्चा अकोल्याहून लोणीकडे चालू लागला. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, जमीन, वन आणि पाणी यांवर त्याने कोणती भूमिका घेतली हे विचारणारे मतदार अशा मोर्चांतून घडतात, आणि त्या मतदारांपुढे त्याला पाच वर्षांनी पुन्हा यावे लागते.