फवारणी पंपाचा पट्टा कसा निवडावा, कसा बसवावा? फौजी पद्धतीने ओझे खांद्यावरून कमरेवर

हुपरी : चांदीच्या पैंजणांसाठी हुपरीचं नाव देशभर पोहोचलं असलं, तरी गावाबाहेर पडलं की रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोलीपर्यंत दिसतो तो ऊसच. लागणीत तणनाशक मारायचं, सोयाबीनवर, भाजीपाल्यावर औषध मारायचं म्हटलं की पाठीवर पंप आलाच. पंप घेताना बॅटरी किती तास चालते, नोझल किती मिळतात हे सगळे विचारतात. पट्ट्याकडे मात्र कुणी बघत नाही. खांदा सोलून निघाला की मग पट्ट्याखाली टॉवेल गुंडाळला जातो.

अलीकडे मोबाईलवर ‘मिलिटरी’, ‘टॅक्टिकल’ अशा नावाने जाड गादीचे पट्टे विकायला आलेत. त्यातलं काय घेण्यासारखं आहे आणि काय नाही, हे आधी ओझ्याच्या हिशेबाने बघावं लागतं.

१६ लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन १६ किलो. बॅटरीसह रिकामा पंप साधारण पाच-सहा किलो. म्हणजे पाठीवर एकवीस-बावीस किलो. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर बारा-तेरा टाक्या होतात. तितक्या वेळा हे ओझं उचलायचं आणि सरीतून चिखल तुडवत चालायचं. सैन्यात पूर्वापार एक ठोकताळा सांगतात, की चालणाऱ्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त ओझं नसावं. ६० किलोच्या माणसाला ही मर्यादा २० किलो. भरलेला पंप ती ओलांडतो.

फौजेकडून काय घ्यायचं

ओझं अंगावर कसं बांधायचं यावर फौजांनी शंभर वर्षांहून जास्त काळ डोकं लावलंय. १९०८ साली ब्रिटिश फौजेने चामडी पट्ट्यांऐवजी विणलेल्या सुती पट्टीचा संच आणला. १९३७ सालचा पुढचा संच दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवानांच्याही अंगावर होता. अमेरिकी सैन्याने १९७३ साली स्वीकारलेल्या ‘ॲलिस’ संचात पाठीवरच्या पिशवीला फ्रेम, गादीचे खांदापट्टे आणि कंबरपट्टा होता. या सगळ्यातून शेतकऱ्याने घ्यायच्या गोष्टी तीनच: पट्टा रुंद असावा, वजन कमरेच्या हाडावर यावं आणि वेळ आली तर ओझं झटक्यात टाकता यावं. कप्पे, हुक आणि छापील कापड फवारणीला काही कामाचं नाही. उलट छातीवर कप्प्यांचा जाड थर असला की उन्हात घाम मुरतो आणि औषधही. शिवाय जवान असल्याचा आव आणून फौजी वेश घालणं हा गुन्हा आहे, तेव्हा साधा काळा पट्टा बरा. उंचावर चढताना लावतात तो सेफ्टी बेल्टही वेगळा. तो पडण्यापासून वाचवतो, ओझं वाहत नाही.

गादी जाड असून भागत नाही

पट्ट्याच्या आत साधा स्पंज असेल तर टाकीच्या झाकणातून सांडलेलं औषध तो पितो. मग ते ओलं औषध दिवसभर खांद्याला आणि पाठीला चिकटून राहतं. औषध फक्त नाकातोंडातून जातं असा समज आहे, पण ते कातडीतूनही अंगात जातं आणि घामाने भिजलेल्या कातडीतून जास्त. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते राज्याने पाहिलं. त्यामुळे गादी मऊ किती यापेक्षा ती औषध पिते का, हे आधी बघायचं.

दुकानातच तपासता येतं. गादीवर चार थेंब पाणी टाकून बोटाने दाबावं. पाणी आत गेलं तर तो पट्टा फवारणीचा नव्हे. हवाई चप्पलच्या तळासारखा घट्ट, पाणी न पिणारा फोम असलेला पट्टा घ्यावा. जुन्या पट्ट्याचा स्पंज काढून तसल्या फोमची पट्टी घालून वर रेक्झिन शिवून देणारे बॅगवाले, चप्पलवाले बाजारात असतात. काम स्वस्तात होतं आणि पुष्कळदा नव्या पट्ट्यापेक्षा टिकतं.

रुंदी खांद्यावर दोन इंचांपेक्षा कमी नको. शिवण बघताना पट्टा टाकीला जिथे अडकतो तिथली बघावी, कारण तुटतं तिथेच. चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असेल तर चांगली. एकच सरळ टीप असेल तर घरी आणण्याआधी दुहेरी मारून घ्यावी.

कंबरपट्ट्यात फसगत जास्त होते. काही पंपांबरोबर येणारा पट्टा नुसता पोटाभोवती बांधायचा असतो. त्याने टाकी हलत नाही, पण वजन खांद्यावरच राहतं. पट्टा टाकीच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी पक्का जोडलेला असेल तरच ओझं कमरेवर उतरतं.

अंगावर कसा बसवायचा

पहिल्यांदा औषध नको, नुसतं चार-पाच लिटर साधं पाणी घालावं. पंप कट्ट्यावर किंवा ट्रॉलीच्या फळीवर ठेवावा. जमिनीवरून वाकून उचलताना कंबर धरते. सगळे पट्टे ढिले करून हात घालावेत. मग आधी कंबरपट्टा, तो पोटावर नाही तर कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर टेकेल असा. त्यानंतर खांद्याचे पट्टे ओढावेत, टाकी पाठीला चिकटेपर्यंत. टाकी मागे लोंबली की माणूस पुढे वाकतो आणि कंबर भरून येते. छातीचा पट्टा शेवटी, श्वास मोकळा राहील इतपतच.

खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. दोन्ही पट्टे सारखे हवेत, नाहीतर एका खांद्यावर भार येतो. चालताना हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली किंवा हात उचलेना, तर खांद्याजवळची नस दाबली जातेय असं समजून लगेच पंप उतरवावा. जड पिठ्ठू वाहणाऱ्या जवानांनाही हा त्रास होतो. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारखी घरोघरी फौजी असलेली गावं जिल्ह्यात आहेत. गावात निवृत्त जवान असेल तर पट्टा त्याच्याकडून एकदा बसवून घ्यावा, पाच मिनिटांचं काम आहे. एकच पंप दोघे भाऊ वापरत असतील तर प्रत्येकाच्या मापावर वेगळ्या रंगाचा दोरा शिवून ठेवावा.

बक्कल एका हाताने सुटतं का, हेही साध्या पाण्यावरच करून बघायचं. टाकी फुटली, नळी निसटली, चक्कर आली, तर पंप लगेच अंगावरून गेला पाहिजे. तुटलेल्या बक्कलाच्या जागी सुतळी किंवा तार बांधणारे पुष्कळ आहेत. ओली गाठ घाईत सुटत नाही, म्हणून हे अजिबात करू नये. संरक्षक कपडे आत आणि पट्टा वर, हा क्रमही त्यासाठीच.

ओझं झेपत नसेल तर टाकी १२ लिटरच भरावी, पण औषधही त्याच प्रमाणात कमी करायचं. १५ लिटरला ३० मिली असेल तर १२ लिटरला २४ मिली. पाणी कमी आणि औषध तेवढंच राहिलं की द्रावण तीव्र होतं, पीकही जळतं.

औषध पाठीवर सांडलं तर ओळ संपवायची वाट बघू नये. पंप उतरवावा, कपडे काढावेत, साबणाने आणि भरपूर पाण्याने अंग धुवावं. मळमळ, चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही वाटलं तर १०८ ला फोन करावा आणि दवाखान्यात जाताना औषधाच्या डब्यावरचं लेबल बरोबर न्यावं.

काम झालं की पट्टे काढून रानातच साबणाने धुवावेत, विहिरीवर किंवा ओढ्यात नाही. वाळवताना सावलीत, कारण कडक उन्हात नायलॉनची पट्टी लवकर कुजते. पट्टा घरात खुंटीला टांगू नये आणि त्याच पट्ट्याने दुसरं ओझं वाहू नये. धुऊनही वास जात नसेल तर गादी बदलावी.