पोटातली शिरगणती

उर्दूत जंतूंना ‘जरासीम’ म्हणतात. एकवचन ‘जुर्सूमा’. या अरबी शब्दाचा जुना अर्थ मूळ, उगम असा आहे. पण वर्गात हा शब्द आला की मुलं लगेच म्हणतात, ‘सर, म्हणजे बीमारी!’ मराठीच्या तासालाही तेच. जंतू म्हटलं की रोगजंतूच आठवतो. गेल्या पन्नास वर्षांत विज्ञानाने ही समजूत बदलली. त्या बदलाच्या इतिहासात एक आकडा असा आहे की तो वाचल्यापासून मला चैन नाही. त्याच्याकडेच जायचं आहे, पण आधी थोडं मागे जाऊ.

१६८३ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी लेवेनहूक याने आपल्या दातांवरचा मळ स्वतः बनवलेल्या भिंगाखाली पाहिला. त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. तसं त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. आजारी नसलेल्या माणसाच्या अंगात जंतू राहतात, हे असं पहिल्यांदा नोंदलं गेलं.

पुढची दोनशे वर्षं हा विषय मागे पडला. एकोणिसाव्या शतकात जंतू आठवले ते कॉलरा आणि क्षयामुळे. जंतू ओळखायचा तर तो प्रयोगशाळेत बशीत वाढवावा लागे. आतड्यातले बहुतेक जंतू ऑक्सिजन लागला की मरतात. ते बशीत वाढत नसत, म्हणून मोजणीतही येत नसत.

ही अडचण अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या कार्ल वोस यांच्या कामामुळे सुटली. प्रत्येक जीवाच्या पेशीत प्रथिनं बनवणारं एक यंत्र असतं, रायबोसोम. त्यातल्या एका रेणूच्या अक्षरांचा क्रम जातीनुसार थोडा थोडा बदलतो. म्हणजे जंतूची ओळखचिठ्ठीच. १९७७ मध्ये या चिठ्ठ्यांची तुलना करून वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी जीवसृष्टीची एक वेगळीच शाखा दाखवून दिली, आर्किया. पुढे नॉर्मन पेस यांनी जंतू न वाढवता थेट नमुन्यातूनच ही चिठ्ठी वाचण्याची वाट काढली. सिक्वेन्सिंग म्हणजे हेच, अक्षरांचा क्रम वाचणं.

मग आली मोठी मोजणी. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने २००७ मध्ये ‘ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट’ सुरू केला. २०१० मध्ये युरोपच्या प्रकल्पाने १२४ जणांच्या आतड्यांतल्या जंतूंची सुमारे ३३ लाख जनुकं जाहीर केली. माणसाची स्वतःची जनुकं वीस हजारांच्या आसपास आहेत, हे लक्षात घ्या.

याचा इलाजाशी संबंध काय? अँटिबायोटिकने चांगले जंतू मेले की ‘सी. डिफिसिल’ नावाचा जंतू कधी कधी आतड्यात माजतो. जुलाब थांबत नाहीत, माणूस दगावूही शकतो. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू दिले. १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले. नुसत्या औषधावर ठेवलेल्या १३ पैकी फक्त ४. आता अमेरिकेत अशा जंतूंची कॅप्सूलही मंजूर झाली आहे. ऐकून कुणाला किळस येईल, कुणी ‘नजिस’ म्हणेल. पण जीव वाचवण्यासाठी ‘जरूरत’ हा उसूल आपल्या फिकहमध्ये जुनाच आहे. आलिम आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून बोलावं असा हा प्रश्न आहे.

आता तो आकडा. अमेरिकन प्रकल्पाने २०१२ मध्ये निरोगी माणसाचं चित्र मांडलं, ते २४२ जणांवरून. हे सगळे ह्यूस्टन आणि सेंट लुईस या दोन शहरांत निवडलेले. २०२२ मध्ये काही संशोधकांनी जगभरचे नमुने मोजले. कुठले ते माहीत असलेल्या नमुन्यांपैकी ७१ टक्क्यांहून जास्त युरोप, अमेरिका आणि कॅनडाचे निघाले. भारत, पाकिस्तान, बांगलादेश यांसारख्या देशांत जगातली पाव लोकसंख्या राहते. त्यांचे नमुने १.८ टक्के.

याने काय बिघडतं? वाचलेला क्रम आधीच्या यादीशी जुळवला जातो. यादीत नसलेला जंतू ‘अनोळखी’ ठरतो. आपलं पोट मात्र वेगळं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला हा जंतू ठळकपणे जास्त आढळतो. दुसऱ्याच्या पोटावरून ‘निरोगी’ कोण हे ठरलं, तर आपला निरोगी माणूसही कागदावर बिघडलेला दिसू शकतो.

मोजलं न जाण्याचा अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, तोवर मुसलमानांच्या शिक्षणाबद्दल आणि नोकऱ्यांबद्दल जो तो अंदाजाने बोलायचा. कुणी लाडावलेले म्हणे, कुणी मागासलेले. आकडे आले तेव्हा निदान बोलणं तरी जमिनीवर आलं. आकड्यांनी हालत सुधारली नाही, हेही खरं. पण आकड्यांशिवाय तर मागणीही करता येत नव्हती.

म्हणून उद्या एखाद्या संस्थेचे लोक मोहल्ल्यात असे नमुने मागायला आले, तर दार लावून घेऊ नका. नमुना कशासाठी, माहिती कुणाकडे राहणार, नाव गुप्त राहील का, हे विचारा. उत्तर पटलं तरच सही करा. पण यादीत आपलं नाव नको, असं मात्र म्हणू नका.