तेलाच्या भरवशावरचा गिअर

वैनगंगेच्या खोऱ्यात पौषातल्या पहाटे चांगलाच गारठा असतो. भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात पारा दहा अंशांच्या खाली जाणे नवीन नाही. 29 डिसेंबर 2018 ला तर नागपुरात तो 3.5 अंशांपर्यंत घसरला होता. अशा सकाळी ऑटोमॅटिक गाडी सुरू केली की एक गोष्ट लक्षात येते. ‘डी’ टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग हलते. पहिला-दुसरा गिअर लांबत जातो, इंजिन नेहमीपेक्षा वर घुमते, एखादा हलका झटकाही बसतो. चार-पाच किलोमीटर गेले की सारे सुरळीत. नव्या मालकाला वाटते, गिअरबॉक्स गेला. बहुतेक वेळा तसे काही नसते. जे काम मॅन्युअल गाडीत माणसाचे हातपाय करतात ते इथे तेल करते, आणि तेल थंडीत घट्ट होते. हे काम तेलाकडे कसे आले, ती कहाणी रस्त्यावर नाही, जहाजाच्या गोदीत सुरू होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांना वाफेचे टर्बाइन बसू लागले. टर्बाइन भरधाव फिरते, तर पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट कापतो. श्टेटिनच्या वुल्कान गोदीत काम करणाऱ्या हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने दोघांच्या मध्ये दातांची चाके न ठेवता द्रव ठेवला आणि 1905 मध्ये त्याचे पेटंट घेतले. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक सुरू केला की दुसऱ्याची पाती आपोआप फिरू लागतात, तत्त्व तेच. फक्त हवेच्या जागी द्रव आणि भोवती बंद पेटी. दोन चाकांच्या मध्ये तिसरे बसवून परतणाऱ्या द्रवाची दिशा वळवली की फेरे कमी होतात आणि जोर वाढतो. तिसऱ्या चाकाची ही रचना म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. जहाजांत पुढे दातांच्या चाकांनीच बाजी मारली, पण फोटिंगरची कल्पना रस्त्यावर उतरली. 1930 मध्ये इंग्लंडच्या डेमलर कंपनीने ‘फ्लुइड फ्लायव्हील’ मोटारीत बसवले, आणि गिअरमध्ये गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडेनासे झाले.

यानंतरचा माणूस मला या कुळातला सर्वांत मोठा वाटतो. अर्ल थॉम्पसन हा अमेरिकेतला अभियंता. त्या काळी गिअर बदलणे ही कसरत होती: क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, इंजिनाचा वेग जुळवा, पुन्हा क्लच दाबा. आपल्याकडचे जुने ट्रकचालक ज्याला डबल क्लच मारणे म्हणतात, तेच. जमले नाही की दात करकरत. थॉम्पसनने दातांच्या आधी दोन शंकूच्या आकाराचे पृष्ठभाग एकमेकांवर घासू दिले. घर्षणाने वेग जुळतो आणि मगच दात गुंततात. हे सिंक्रोमेश 1928 मध्ये कॅडिलॅकमधून बाजारात आले. बहुतेक शोधक इथेच थांबले असते. थॉम्पसनने मात्र जनरल मोटर्समध्ये पुढचा प्रश्न हाती घेतला, की चालकाला गिअर बदलावाच का लागावा? 1939 च्या शरदात ओल्ड्समोबिलच्या नव्या गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ जाहीर झाले: पुढे द्रवाची जोडणी, मागे चार वेगांचा ग्रहमालेसारखा गिअरसंच, आणि कधी काय बदलायचे हे ठरवणारा तेलाचा दाब. क्लचचे पेडल गेले. दुसऱ्या महायुद्धात हेच यंत्र अमेरिकेच्या एम-5 स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यांत बसले. टॉर्क कन्व्हर्टर 1948 मध्ये ब्यूकच्या ‘डायनाफ्लो’मधून घरगुती मोटारीत आला.

म्हणजे हाताने टाकायचा सोपा गिअर आणि आपोआप पडणारा गिअर एकाच माणसाकडून आले. यातली पहिली शाखा भंडारा जिल्ह्यात चांगली रुजली आहे. कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, लाखनी तालुक्यातल्या गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना 1982 पासून आहे, आणि अवजड वाहनांचे गिअरबॉक्स ही त्याची ओळख आहे. धान आणि पितळेच्या भांड्यांचा हा जिल्हा देशभरच्या ट्रकांचे गिअर घडवतो, हे जिल्ह्याबाहेर फार थोड्यांना माहीत असते. ते माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

थंडी या शाखेलाही सोडत नाही. सिंक्रोमेशचे कडे शंकूला घासायचे तर मधला तेलाचा थर आधी कापला गेला पाहिजे. गार, जाड गिअर ऑइल लवकर बाजूला सरत नाही; पहाटे दुसरा गिअर अडतो तो त्यामुळे. पण तिथे चालकाचा हात असतो. त्याला अडचण कळते, तो क्षणभर थांबतो, मग जोर लावतो. ऑटोमॅटिकमध्ये ही समज तेलाच्या गुणांतच भरावी लागते.

म्हणून या कुळकथेचा निम्मा भाग रसायनशास्त्राचा आहे. जनरल मोटर्सने 1949 मध्ये ऑटोमॅटिकच्या तेलासाठी ‘टाइप ए’ हे मानक ठरवले. आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींना पकडताना झटका बसू नये म्हणून त्या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत. 1970 मध्ये अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला. गाडीच्या सुखासाठी देवमासे मारणे थांबले, ही या इतिहासातली सर्वांत चांगली घटना. दरम्यान 1967 मध्ये ‘डेक्सरॉन’ हे नाव आले होते. थंडीची अट पुढच्या आवृत्त्यांत कडक होत गेली. ‘डेक्सरॉन-3’ ला उणे 40 अंशांवर वीस हजार सेंटीपॉइजपेक्षा जास्त दाट व्हायला मनाई होती, 2005 च्या ‘डेक्सरॉन-6’ ला पंधरा हजारांपेक्षा.

मग आपल्या आठ-दहा अंशांत काय अडते? असे तेल 100 अंशांना जेवढे दाट असते, त्याच्या साधारण पाचपट ते 40 अंशांनाच असते. दहा अंशांना त्याच्या आणखी दुपटीहून अधिक. पंप तेच तेल बारीक वाटांतून क्लचपर्यंत ढकलतो, पण भरायला वेळ लागतो; उशीर आणि झटका तिथून येतात. उरलेले मात्र जाणूनबुजून केलेले असते. तेलाचा तापमापक थंडी दाखवतो तोवर संगणक वरचा गिअर उशिरा टाकतो आणि टॉर्क कन्व्हर्टरला थेट जोडणारा लॉकअप क्लच लागू देत नाही. तेल घुसळले जाते आणि त्या घुसळण्यातूनच तापते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनाचे तापलेले पाणीही या तेलाला ऊब देण्यासाठी फिरवतात.

एक खुलासा आवश्यक आहे. 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओतून स्वस्त ऑटोमॅटिक आणली, आणि गावागावांत ‘ऑटोमॅटिक’ म्हणून आज जे दिसते त्यातले बरेच त्या एएमटी जातीचे आहे. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही. साधाच सिंक्रोमेश गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त ते हलवायला यंत्राचा हात. थॉम्पसनच्या पहिल्या शोधावर त्याच्या दुसऱ्या स्वप्नाचे कलम. पेटीत गिअर ऑइल असल्याने थंडीत ती मॅन्युअलसारखीच वागते.

खऱ्या ऑटोमॅटिकवाल्याने गाडी सुरू करून अर्धा मिनिट द्यावा आणि मग हळू निघावे. दहा मिनिटे जागेवर इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्स फारसा तापत नाही. तेलाला काम मिळाले तरच ते तापते. ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये इंजिन वाढवून एकदम ‘डी’ टाकू नये. तेलाची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच पाहावी, कारण गार तेल आकसते आणि पातळी कमी दिसते. ती पाहून वरून तेल ओतले तर दुपारपर्यंत ते जास्त होते, फेसाळते, आणि दाब खरोखरच पडतो. तेलही पुस्तिकेत लिहिलेल्या मानकाचेच घालावे. पाच-सहा किलोमीटरनंतरही झटका राहिला, किंवा उन्हाळ्यातही तो येऊ लागला, तर तो थंडीचा नाही. मग मेकॅनिककडे जावे.