लिंक कोणाची, शिक्षा कोणाला?

१९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. एका वेबसाइटने दुसरीची लिंक दिली की ते तिला पडलेले मत समजायचे. मग बोगस मतदानही आलेच!

२००३ मध्ये 'मिझरेबल फेल्युअर' असे शोधले की जॉर्ज बुश यांचे सरकारी चरित्र वर येई. चरित्रात ते शब्द नव्हते, लोकांनी ठरवून त्या शब्दांवर लिंका दिल्या होत्या. जग हसले. आम्हाला मात्र त्यात वेगळेच दिसते: आपल्या पानाची ओळख परका माणूस ठरवू शकतो. गुगलने याला २००७ मध्ये लगाम घातला.

पुढे एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' आले. बनावट लिंका जमवणाऱ्या साइट खाली ढकलायच्या, हा हेतू बरा होता. पण त्या लिंका मालकाने टाकल्या की त्याच्या वैऱ्याने, हे यंत्राने कसे ओळखावे? त्याच ऑक्टोबरात गुगलने नको त्या लिंका नाकारण्याची सोय दिली. म्हणजे घाण दुसऱ्याने टाकायची आणि यादी आपण करायची! सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन अख्खी साइट पाडण्याऐवजी वाईट लिंकांची किंमतच काढून घेऊ लागले. ही सुधारणा चार वर्षे उशिरा झाली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून आज घाबरून दिसेल ती लिंक नाकारू नका, त्यात चांगल्याही जातात. सर्च कन्सोलमध्ये गुगलची कारवाईची सूचना आली आहे का, ते आधी पाहा. आणि जुने प्लगइन आजच अपडेट करा, कारण तिथून घुसलेला माणूस तुमच्याच साइटवर जुगाराची पाने चढवतो.