दि. बा. पाटील यांचे राजकारण आणि भूमिपुत्रांच्या वाट्याचा प्रश्न : डोलवी परिसराच्या संदर्भात

पेण तालुक्यातील डोलवी हे गाव धरमतरच्या खाडीलगत, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले आहे. खारबंदिस्तीच्या आड भातशेती आणि खाडीत मासेमारी हे या परिसराच्या उपजीविकेचे पारंपरिक स्वरूप होते. १९९० च्या दशकात येथे इस्पात समूहाचा पोलाद कारखाना उभा राहिला व २०१० मध्ये तो जिंदल समूहाकडे गेला. शेतजमिनीवर उद्योग आल्यावर मूळ जमीनधारकाचा वाटा कोणता, या प्रश्नाचा रायगड जिल्ह्यातील इतिहास दि. बा. पाटील यांच्या राजकीय कारकिर्दीवाचून समजत नाही.

१३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई येथे आगरी कुटुंबात जन्मलेले दि. बा. पाटील व्यवसायाने वकील होते. शेतकरी कामगार पक्षाची कुलाबा जिल्ह्यातील भूमी त्यांच्या पूर्वीच तयार झालेली होती. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या चरीच्या संपाने खोतांविरुद्ध कुळांना सुमारे सहा वर्षे उभे ठेवले होते. मात्र कुळकायद्यानंतर कुळ हाच जमिनीचा मालक झाला आणि संघर्षातील प्रतिपक्षही बदलला. खोताच्या जागी आता शासन आले. या बदलाची जाण असलेले राजकारण पाटील यांनी केले, हे त्यांचे वैशिष्ट्य मानावे लागते. १९५७ पासून सलग चार वेळा व पुन्हा १९८० मध्ये ते पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले. १९७२ नंतरच्या विधानसभेत त्यांनी विरोधी पक्षनेतेपदही सांभाळले. १९७७ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला ठरत असे तो अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने. शहर उभे राहिल्यानंतर त्याच जमिनीला येणाऱ्या किमतीत शेतकऱ्याला स्थान नव्हते. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षअखेर, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत राज्यातील बहुतेक विरोधक वाहून गेले असता, पाटील याच मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. ही घटना स्थानिक प्रश्नाची ताकद सांगते. केवळ पक्षनिष्ठेने तिचा उलगडा होत नाही.

आंदोलनाची फलश्रुती म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास देण्याची योजना. शासनाने १९९० मध्ये तिला मान्यता दिली, तर प्रत्यक्ष वाटप पुढे अनेक वर्षे रेंगाळले. या योजनेने मोबदल्याची कल्पनाच बदलली. रोख रक्कम लग्नकार्यात आणि घरबांधणीत संपते. भूखंड मात्र वाढत्या शहराच्या किमतीत भागीदार करतो. (अनेकांनी आपला भूखंडाचा हक्क वाटपापूर्वीच विकून टाकला, हा या कथेचा कमी सांगितला जाणारा भाग.) २०१३ च्या केंद्रीय कायद्यात नागरीकरणासाठीच्या संपादनात वीस टक्के विकसित जमीन राखून ठेवण्याची तरतूद आली.

डोलवीच्या संदर्भात येथेच अडचण उद्भवते. साडेबारा टक्क्यांचे तत्त्व शहराच्या विकासाला लागू पडते, कारण तेथे विकसित भूखंड निर्माण होतात. कारखान्याच्या कुंपणात गेलेल्या जमिनीतून भूखंड परत येत नाही. तेथे वाटा मागायचा तर तो नोकरीच्या रूपात मागावा लागतो, आणि नोकरीला वारसा नसतो. २००८ च्या सप्टेंबरमध्ये पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांनी प्रस्तावित विशेष आर्थिक क्षेत्राबाबत मतदान केले तेव्हा बहुसंख्य शेतकऱ्यांनी जमीन देण्यासच नकार दिला. जासईचा शेतकरी योग्य वाट्यासाठी लढला होता. पेणच्या शेतकऱ्याने, सिंचनाचे पाणी दारी येणार असताना, वाट्याची बोलणीच केली नाहीत.

उत्तरायुष्यात, १९९९ मध्ये, पाटील यांनी शिवसेनेत प्रवेश केला. डाव्या विचाराच्या अनुयायांना तो निर्णय पचला नाही, तरी प्रकल्पग्रस्तांतील त्यांचे स्थान त्यामुळे ढळले नाही. २४ जून २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. नवी मुंबई विमानतळास त्यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी २०२१ च्या जूनमध्ये हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले आणि पुढील वर्षी राज्य शासनाने तसा ठराव केला. त्या विमानतळाखालील गावांना साडेबारा टक्क्यांऐवजी साडेबावीस टक्के भूखंड देऊ करण्यात आले होते.