भट्टीतच शुद्ध केलेले सिलिकॉन

१९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला, आणि त्यानंतरची अनेक दशके सौर उद्योग बहुतांशी चिप-उद्योगाच्या उरल्यासुरल्या मालावर जगला. गारगोटी व कोळसा विजेच्या भट्टीत तापवून मिळणारे सिलिकॉन ९८ ते ९९ टक्के शुद्ध असते. ते चिपच्या योग्यतेचे करण्यासाठी त्याचे ट्रायक्लोरोसिलेन या द्रवात रूपांतर करून, त्याचे वारंवार ऊर्ध्वपातन करून, त्याच्या वाफेतून तापलेल्या कांड्यांवर पुन्हा सिलिकॉन जमवावे लागे. ही सीमेन्स पद्धत अफाट वीज खाई. २००० नंतर जर्मनीने सौर विजेला हमीदर दिला, मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली आणि २००८ मध्ये शुद्ध सिलिकॉनचा खुल्या बाजारातील भाव किलोला ४०० डॉलरच्या वर चढला.

या टंचाईतच वायुरूपाचा वळसा टाळून भट्टीतल्या सिलिकॉनचीच शुद्धी करण्याच्या जुन्या प्रयत्नांना भांडवल मिळाले. वितळलेले सिलिकॉन तळापासून सावकाश गोठवले, तर लोखंडासारखे धातू द्रवातच राहून अखेरीस माथ्याशी गोळा होतात व तो भाग कापून टाकता येतो; बोरॉन आणि फॉस्फरस मात्र सिलिकॉनच्या स्फटिकात सहज सामावत असल्याने असे हटत नाहीत, आणि घटाचे विद्युत-वर्तन ठरवणारी मूलद्रव्ये नेमकी हीच. जपानमध्ये कावासाकी स्टीलने फॉस्फरस निर्वातात इलेक्ट्रॉन-झोताने उडवला आणि बोरॉन प्लाझ्माने काढला. नॉर्वेच्या एल्केमने धातुमळीत अशुद्धी शोषून घेणे, आम्लाने धुणे आणि दिशाबद्ध गोठवणे असा क्रम बसवला. तरीही बोरॉन व फॉस्फरस दोन्हींचा अंश उरे, आणि गोठताना फॉस्फरस बोरॉनपेक्षा वेगाने माथ्याकडे साचत असल्यामुळे ठोकळ्याच्या वरच्या थराचा विद्युतप्रकारच उलटू शके. म्हणून मिश्रणाचा तोल सांभाळणे हेच या कारागिरीचे खरे मर्म होते.

एल्केमचा क्रिस्तियानसान येथील कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि तेथील सिलिकॉनच्या पॅनेलांनी नेहमीच्या पॅनेलांच्या तोडीची वीज दिली, त्यामुळे ही पद्धत गुणवत्तेत हरली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिचा आधार तुटला तो बाजारात: सीमेन्स पद्धतीचे नवे कारखाने उभे राहताच २०१२ पर्यंत त्यांचे शुद्ध सिलिकॉन (पॉलिसिलिकॉन) किलोला २० डॉलरच्या आसपास आले, आणि भट्टीतल्या सिलिकॉनच्याच शुद्धीवर विसंबलेली कॅनडाची टिमिन्को कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. २०११ मध्ये चीनच्या ब्लूस्टारकडे गेलेल्या एल्केमचा हा कारखाना पुढे आरईसी या सौर समूहात आला व २०२१ मध्ये त्या समूहासह मुंबईच्या रिलायन्सच्या मालकीचा झाला. विजेचे वाढते दर आणि स्वस्त स्पर्धा यांमुळे नॉर्वेतील उत्पादन कायमचे थांबवण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला.